विश्लेषण : मधुमेहाचे साप्ताहिक पेन हाती आले, पण ते वापरायला शिकवणार कोण?

आठवड्यातून एकदाच टोचायचे मधुमेहाचे औषध आता भरलेल्या पेनाच्या रूपात मिळू लागले आहे. रोजच्या सुईच्या तुलनेत ही मोठीच सोय. मात्र औषध विकण्याची जेवढी घाई दिसते, तेवढी ते वापरायला शिकवण्याची दिसत नाही. सोपे दिसणारे हे पेन नेमके कुठे फसवते आणि ही उणीव कोणी भरून काढायची, याचा आढावा.

साप्ताहिक पेन म्हणजे काय?

सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही टाइप-२ मधुमेहाची आठवड्यातून एकदा घ्यायची औषधे आहेत. ती इन्सुलिन नाहीत. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ही औषधे त्याच्यासारखे काम करतात. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, पोट सावकाश रिकामे होते आणि भूक कमी लागते.

शरीरातले मूळ संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइडची रचना अशी बदलली आहे की ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. आठवड्यातून एकच सुई पुरते ती यामुळेच.

आताच चर्चा का?

‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मार्च २०२५मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला १४ हजार. त्यामुळे ते मोजक्यांच्याच आवाक्यात राहिले. पुढे त्याचे पेनही बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतच असल्याने अनेक देशी कंपन्यांनी जेनेरिकची तयारी आधीपासूनच केली होती. किंमत उतरली की हे औषध तज्ज्ञांच्या दवाखान्यातून तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोहोचते. ते स्वागतार्हच आहे. पण तिथे पेन कसे वापरायचे ते दाखवणारी परिचारिका नसते.

पेन वापरणे इतके सोपे नाही का?

सोपे आहे, पण एकसारखे नाही. काही पेने एकदाच वापरून टाकायची असतात, त्यांची सुई आतच दडलेली असते. काहींमध्ये चार आठवड्यांचे डोस असतात आणि दर वेळी नवी सुई लावावी लागते. काही पेनांत औषध नीट येते का, हे फक्त पहिल्या वेळी तपासायचे, तर काहींत प्रत्येक वेळी. औषध शिरल्यावर सुई लगेच काढायची नसते. ओझेंपिकच्या पेनात आकडा शून्यावर आल्यावर सहा सेकंद थांबायचे असते. दुसऱ्या पेनात ही वेळ वेगळी असते. म्हणजे कंपनी बदलली की सवयही बदलावी लागते. औषध स्वस्त मिळाले म्हणून दर महिन्याला ब्रँड बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

बाकी नियम सर्वांना लागू आहेत. सुई पोटावर बेंबीपासून दोन इंच दूर, मांडीवर किंवा दुसरे कोणी टोचणार असेल तर दंडाच्या मागच्या बाजूला टोचावी. जागा दर आठवड्याला बदलावी. औषध गढूळ दिसले किंवा त्यात कण असले तर वापरू नये. जेवणाच्या वेळेशी या इंजेक्शनचा संबंध नाही. वार मात्र ठरलेला असावा.

चुका कुठे होतात?

पहिली चूक डोसची. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पहिले चार आठवडे शरीराला सवय व्हावी म्हणून असतात. ‘साखर उतरत नाही’ म्हणून या काळात परस्पर डोस वाढवला की मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात.

अमेरिकेत याचे टोकाचे रूप दिसले. कुपीतून सिरिंजने सेमाग्लुटाइड मोजून घेताना काही रुग्णांनी ठरलेल्यापेक्षा पाच ते वीस पट डोस घेतल्याचा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने जुलै २०२४मध्ये दिला. भरलेल्या पेनात हा धोका कमी असतो. पण रोजच्या इन्सुलिनची सवय असलेल्या हाताने हे पेन रोज टोचले, तर तीच गत होऊ शकते.

दुसरी चूक साठवणुकीची. न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवलेले औषध गोठले तर ते फुकट गेले, वितळल्यावरही वापरता येत नाही. उघडलेले पेन काही आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात ही सवलत कागदावरच राहते.

तिसरी चूक वाटून घेण्याची. घरात नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असला तरी एक पेन दोघांनी वापरू नये. सुई बदलली तरी रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचा धोका राहतो.

डोस चुकला तर?

सेमाग्लुटाइड विसरले तर पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपटाइड विसरले तर चार दिवसांच्या आत घेता येते. ड्युलाग्लुटाइडच्या बाबतीत पुढच्या डोसला किमान तीन दिवस शिल्लक हवेत. ही मुदत उलटली तर तो डोस सोडून द्यायचा आणि ठरलेल्या वारी पुढचा घ्यायचा. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच घ्यायचे नाहीत.

कोणी सावध राहावे?

टाइप-१ मधुमेहासाठी ही औषधे इन्सुलिनला पर्याय नाहीत. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा स्वतःचा किंवा कुटुंबाचा इतिहास असेल तर ती टाळतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. पोटात तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल, तर पुढची सुई न घेता रुग्णालय गाठावे.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन सोबत सुरू असेल, तर साखर एकदम उतरू शकते. भूक आधीच कमी झालेली आणि त्यात चतुर्थीचा उपवास, अशा दिवशी हा धोका वाढतो.

वापरलेली सुई कुठे टाकायची?

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी घरातील वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यात धरले. प्रत्यक्षात त्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून घंटागाडीत जातात आणि टोचतात ते कचरा वेगळा करणाऱ्या हातांना. सुई जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावी आणि डबा कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. पण तो घेणारी जागा जवळ नसेल, तर नुसत्या सल्ल्याने काही होणार नाही.

मग करायला काय हवे?

इन्सुलिनचे पेन लोक इतकी वर्षे वापरतातच, मग याचेच एवढे काय, असा प्रश्न निघू शकतो. फरक वेळेचा आहे. इन्सुलिनची चूक काही तासांत ग्लुकोमीटरवर दिसते. साप्ताहिक पेनातून औषध गेलेच नाही, तर आठवडा वाया गेल्याचे कळतही नाही. आणि जास्त गेले, तर ते परत काढता येत नाही. उलट्या काही दिवस सोसाव्या लागतात.

म्हणून पहिली सुई डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित औषधविक्रेत्यासमोरच टोचली जावी. पेनासोबतचे पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह मिळायला हवे. बारीक इंग्रजीतल्या घडीच्या कागदावरून साठीतल्या रुग्णाने शिकावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. पेन विकणाऱ्या दुकानाने वापरलेल्या सुयांचा डबा परत घ्यावा. ब्रँड बदलताना दुकानदाराने नुसते ‘औषध तेच आहे’ असे न सांगता पेन कसे वेगळे आहे, हेही सांगावे.

यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्या टाइप-२ मधुमेहींसाठी या गटातील औषधांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. औषध अत्यावश्यक असेल, तर ते वापरायला शिकवणे ही रुग्णावरची मेहेरबानी ठरत नाही. तो उपचाराचाच भाग आहे आणि त्याची जबाबदारी औषध लिहून देणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने घ्यायला हवी.