पाहुणे शिक्षक, गौलीगुड्यात या

हैदराबादेत तारनाक्याच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात देशोदेशीचे तरुण इंग्रजी शिकायला येतात. मूळ संस्था १९५८ सालची. वर्गात संवादाचे धडे होतात खरे, पण थालीपिठाला भोकं का पाडतात, हे गौलीगुड्यातल्या एखाद्या मराठी आजींना विचारायचं तर इंग्रजी मनापासून वापरावी लागते. आणि आजीही विचारणारच, तुमच्याकडे भाकरी कशाची? म्हणून तिथल्या पाहुण्या शिक्षकांना आमचं आग्रहाचं निमंत्रण: विद्यार्थ्यांना घेऊन गौलीगुड्यात या. केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने १९०७ साली, उर्दू राजभाषा असलेल्या निजामी राज्यात उभी राहिलेली विवेकवर्धिनी शाळा इथून जवळच आहे, तीही दाखवू. वाचकहो, गणपतीत या मुलांना जेवायला बोलवा आणि दुभाष्याचं काम नातवंडांकडे सोपवा.