‘भारी कार्ड’ नावाची अंधश्रद्धा

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांच्या टोळक्यात एक मत इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्यावर वाद घालणाराच खुळा ठरावा. भारी कार्ड ते भारीच, कुठल्याही फॉरमॅटमध्ये, म्हणजे नियमांच्या कुठल्याही चौकटीत घाला. नवखा खेळाडू हे ऐकतो, पैसे मोजतो आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन सपाटून मार खातो. मग दोष नशिबाला. माझं म्हणणं असं की दोष त्या मतातच आहे.

पूर्वपक्षाचं लाडकं उदाहरण घेऊ : लायटनिंग बोल्ट. १९९३ पासूनचं कार्ड, एका लाल मानात (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) तीन डॅमेज. मॉडर्न फॉरमॅटमध्ये समोरच्याचं लाइफ २०, म्हणजे अशी सात कार्डं चेहऱ्यावर मारली की खेळ खलास. साठ कार्डांच्या डेकमध्ये बोल्टच्या चार प्रती आणि त्याच्यासारखीच स्वस्त बर्न कार्डं भरायची, हिशेब जमतो. आता हाच डाव कमांडरमध्ये मांडा. प्रत्येकाचं लाइफ ४०, विरोधक सहसा तीन, म्हणजे उडवायचे आहेत १२०. डेक शंभर कार्डांचा आणि बेसिक लँड सोडल्या तर प्रत्येक कार्डाची एकच प्रत. चाळीस बोल्ट आणणार कुठून? आणले तरी एकाला तीन डॅमेज देण्यात आपलं कार्ड खर्ची पडतं आणि उरलेले दोघे फुकटात वर येतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाकिटं फोडून तिथेच डेक बांधायच्या खेळात, आणखी तिसरीच तऱ्हा. २००९ च्या ‘एम १०’ संचात बोल्ट कॉमन म्हणून परत आला, पण तिथे शहाणा खेळाडू तो चेहऱ्यावर मारत नसे. क्रीचर उडवायला राखून ठेवी. तीन डॅमेज सगळीकडे तीनच. त्यांचं मोल मात्र तीन ठिकाणी तीन.

यावर उत्तर येतं : बर्न सोडा, कार्ड ओढणं तर सगळीकडे चांगलंच ना? बघू. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘खान्स ऑफ तारकीर’मध्ये ट्रेझर क्रूझ आलं. तेही कॉमन. किंमत आठ माना, मिळतात तीन कार्डं, कागदावर महागच. पण त्यावर ‘डेल्व्ह’ आहे : आपल्या ग्रेव्हयार्डमधलं एकेक कार्ड कायमचं बाजूला काढायचं आणि तेवढा माना वाचवायचा. आठांपैकी सात असे सुटतात, एक निळा तेवढा द्यावाच लागतो. ड्राफ्टमध्ये ग्रेव्हयार्ड भरता भरता खेळ उत्तरार्धात जातो, म्हणून तिथे ते चांगलं कार्ड, पण संपूर्ण टेबल हलवणारं नव्हे. स्टँडर्डमध्ये खेळलं गेलं, तरी बॅन करायची वेळ आली नाही. मॉडर्न आणि लेगसीत मात्र फेच लँड स्वतःच ग्रेव्हयार्डात जाते, एकेका मानाची स्वस्त कार्डं तिच्या मागोमाग जातात आणि बघता बघता आठ मानाचं कार्ड एका मानात पडतं. एका निळ्या मानात तीन कार्डं म्हणजे जवळजवळ अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल, ‘पॉवर नाइन’मधलं. जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही फॉरमॅटमधून क्रूझ बॅन झालं, व्हिंटेजमध्ये एका प्रतीवर आलं. शाई तीच, मजकूर तोच.

उलट्या दिशेचं उदाहरण मला जास्त आवडतं. २००० च्या ‘प्रॉफेसी’ संचातलं ऱ्हिस्टिक स्टडी : विरोधकाने स्पेल टाकला की त्याने एक माना द्यावा, नाहीतर तुम्ही एक कार्ड ओढता. दोघांच्या खेळात समोरचा जरा जपून खेळला की विषय संपला. चौघांच्या टेबलावर मात्र दर स्पेलला “एक देतोस का?” हा प्रश्न सुरू होतो, तिघांपैकी कुणीतरी घाईत असतो, कुणी विसरतो, कुणाला वाटतं पुढचा देईल. कार्डं वाहत येतात. (हा प्रश्न दहाव्यांदा ऐकताना मैत्री टिकते, हे खेळाचं मोठेपण.)

ब्लॅक लोटसचं काय, असं विचारलं जाईलच. मान्य. फुकटात तीन माना देणारं कार्ड कुठेही घाला, उधळेलच. पण अशी कार्डं आज कुठे आहेत? व्हिंटेजमध्ये एकेका प्रतीपुरती, इतरत्र बहुतेक बॅन. आणि त्यांचाच सख्खा भाऊ शोभावा असं सोल रिंग लेगसीत बॅन आहे, व्हिंटेजमध्ये एकच प्रत चालते, तर कमांडरच्या बहुतेक तयार डेकमध्ये मॅजिकची कंपनी ते स्वतःहून घालून विकते.

दुसरी टोकाची मंडळी म्हणतात, मग सगळंच सापेक्ष. ज्या फॉरमॅटमध्ये जाल तिथली विजेत्याची यादी उतरवा आणि खेळा. हेही मला पटत नाही. १९९९ मध्ये माइक फ्लोरेस यांनी ‘हूज द बीटडाउन?’ या लेखात दाखवलं की एकच डेक एका विरोधकापुढे हल्लेखोर असतो, दुसऱ्यापुढे बचाव करणारा, आणि भूमिका चुकीची ओळखली की हार ठरलेली. यादी उतरवणाऱ्याला हे कार्डांवर छापून मिळत नाही. फॉरमॅट बदलला की हाच प्रश्न एक पायरी वर न्यावा : इथे टंचाई कशाची आहे? लाइफची, कार्डांची, मानाची की वेळेची? आणि कुठला आकडा बदललेलाच नाही?

‘कमांडरमध्ये आक्रमक डेक चालत नाही’ हे घाऊक विधान इथेच अडखळतं. लाइफ दुप्पट झालं, विषाचे काउंटर नाही. दहा झाले की खेळाडू बाद, मग लाइफ ४० असो वा ४००. मॉडर्नमध्ये विषाचे काउंटर देणाऱ्या ग्लिसनर एल्फला फुगवून हा डाव झटपट संपवायचे. चौघांत तो डाव तसाच उभा राहतो, फक्त दहाचा हिशेब तीनदा करावा लागतो, आणि पहिला बाद झाला की उरलेले दोघे आपापसातलं भांडण विसरून तुमच्याकडे वळतात.