नांग्या वेळेवर भराव्या लागतात

कापसाच्या तासात जिथे बी उगवत नाही तिथे आपण नांग्या भरतो. पण कधी भरतो? उगवण झाल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत. त्यानंतर टोबलेले बी उगवते खरे, पण शेजारची झाडे तोवर वर निघालेली असतात. मागून आलेल्या रोपाला ऊन मिळत नाही, ओल पुरत नाही. झाड उभे दिसते, बोंड धरत नाही. हे सांगायला कृषी अधिकारी यावा लागत नाही. बाळापूरच्या शिवारातला सालगडीही ते जाणतो.

२०२० आणि २०२१ या दोन हंगामांत आपल्या गावातल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचे एक अख्खे तास असेच रिकामे गेले. कागदावर मात्र पेरणी झाल्याची नोंद आहे. अंगणवाडी बंद होती, पण शिक्षण फोनवरून चालू होते, असे तो कागद म्हणतो. आमचे म्हणणे सरळ आहे. ते शिक्षण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचले नाही, पोचले तिथेही ते या वयाच्या पोरांचे शिक्षण नव्हते, आणि त्या वेळी पडलेल्या नांग्या आज कुणी मोजायलाही तयार नाही.

आधी कोण उघडले?

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. साथ नवी होती, दवाखाने अपुरे होते. तेव्हा अंगणवाडी बंद केली म्हणून आमची तक्रार नाही. तक्रार उघडण्याच्या क्रमाबद्दल आहे. दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडली. ऑक्टोबरात बार उघडले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. १३ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्या उघडण्याचा निर्णय राज्यांनी ३१ जानेवारीपर्यंत करावा. पुढे दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. पूर्वप्राथमिक वर्गांसह सगळ्या शाळा उघडायला राज्याने परवानगी दिली ती २४ जानेवारी २०२२ पासून. म्हणजे जे पोर सर्वात लहान, ज्याला फोनवरून शिकणे सर्वात अशक्य, त्याचा नंबर सर्वात शेवटी. ज्याला मत नाही आणि ज्याच्यापासून महसूल नाही, त्याची ओळ नेहमी मागेच असते.

या क्रमाची मुळे कायद्यात आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच तिथे लिहिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयाची सोय सरकारला करता येईल, अशी भाषा आहे. केलीच पाहिजे, अशी नाही. आणि गंमत अशी, की २९ जुलै २०२० ला, अंगणवाड्यांना कुलूप असतानाच, केंद्राने नवे शैक्षणिक धोरण मंजूर केले. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे त्यातच लिहिले आहे. वापसा कधी असतो हे यांना ठाऊक होते. तिफण मात्र गोठ्यात होती.

फोनचा हिशेब ज्वारीत

फोनवर शिकवायचे तर आधी फोन पाहिजे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. साथीच्या वर्षी लोकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण ‘असर’च्या देशभरच्या पाहणीत २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. शहरातल्या पंडितांना यात प्रगती दिसली. आम्ही हिशेब ज्वारीत मांडतो. २०२०-२१ चा संकरित ज्वारीचा हमीभाव २,६२० रुपये क्विंटल. आठ हजारांचा साधा फोन म्हणजे तीन क्विंटल ज्वारी, तीही हमीभाव हातात पडला तर. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने मराठवाड्यात काढणीला आलेली पिके भिजली. बोंडे झाडावरच सडली. अशा वर्षी घरातले तीन क्विंटल धान्य फोनसाठी काढणे म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून कळत नाही.

बरे, फोन आला. तो कुणाच्या खिशात? घरधन्याच्या. धनी सकाळी फवारणीला नाहीतर बाजाराला गेला की शाळा त्याच्या खिशातून गेली. घरी असला तर आधी दहावीची पोरगी, मग सातवीचा पोरगा, आणि चार वर्षांच्या लेकराच्या वाट्याला उरलीसुरली बॅटरी. रेंज मिळवायला पोरे माळावर किंवा गच्चीवर. चार वर्षांचे पोर माळावर एकटे कोण धाडील?

तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी नर्सऱ्यांचे आणखी वेगळे. पडद्यावर अर्धा तास गाणी दाखवायची आणि फी पूर्ण मागायची, असा प्रकार कितीतरी ठिकाणी चालला. शेतमालाचा भाव पडला तर तोटा शेतकऱ्याचा, वर्ग बंद पडला तरी तोटा शेतकऱ्याचाच.

फोनमधून काय जाते?

समजा प्रत्येक पोराला फोन मिळाला असता. मग भागले असते का? आमचे उत्तर, नाही. चार वर्षांचे पोर हाताने शिकते. चिंचोके मोजते, चिखलाचे बैल करते, वाळूत बोट फिरवते. दुसऱ्या पोराच्या हातातले हिसकावते, रडते, मग वाटून घेते. जेवणाआधी हात धुते ते शेजारचे पोर धुते म्हणून. यातले फोनमधून काय जाते? आवाज जातो, चित्र जाते. चिखल जात नाही, सवंगडी जात नाही, बाईंचा पाठीवरचा हात जात नाही.

हे सरकारलाही मान्य होते. केंद्राच्या जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर अर्धा तास ठरवला होता, आणि तोही पालकांशी बोलण्यासाठी. म्हणजे शिकवायचे कुणी? आईने. कल्पना वाईट नाही. पण ही आई कोण? पहाटे भाकरी थापून खुरपणीला जाणारी, दिवसभर वाकून कापूस वेचणारी, दिवे लागणीला चुलीपुढे बसणारी. तिला संध्याकाळी निरोप वाचून पोराशी कृती कर म्हणायचे, म्हणजे दिवसभर औत ओढलेल्या बैलाला रात्री मोटेला जुंपणे. त्यातून जिला शाळाच मिळाली नाही, तिने तो निरोप वाचायचा कसा?

सेविकेच्या हाती काय दिले?

यात अंगणवाडी सेविकेला दोष देणारा करंटा म्हणावा लागेल. त्या वर्षी तिला दरमहा ८,३२५ रुपये मानधन होते. तेवढ्यात तिने घरोघर शिधा पोचवला. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तीही दारोदार फिरली. वर तिने फोनवरून पोरांना शिकवायचे. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ आणला, तो इंग्रजीत. सरकारी फोन इतके कमी ताकदीचे की ते चालता चालता बंद पडत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. ज्या हत्याराने शिकवायचे म्हणत होते, ते हत्यारच शिकवणाऱ्या बाईने परत फेकले, यापेक्षा मोठी पावती कुठली हवी? बोथट कुळव देऊन तण का राहिले असे विचारणाऱ्याला आपण काय म्हणतो, तेच इथेही म्हणावे.

अंगणात जाणारी शाळा

मग साथीत करायचे तरी काय होते? उत्तर आपल्याच महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी सापडलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. साधने कुठली? शंख-शिंपले, बिया, पाने, माती. ‘अंगणवाडी’ हा शब्दच तिथला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि पुढे तो शब्द देशभर गेला. त्यातले अंगण मात्र वाटेत गळाले आणि खोली राहिली. खोलीला कुलूप लागल्यावर सगळेच बंद पडले.

अंगण उघडे असते, वारा खेळता असतो. पाच-पाच पोरांचा गट, आठवड्यातून दोनदा, लिंबाच्या सावलीत अंतर ठेवून बसवता आला असता. त्या वर्षी थोड्या लोकांनी असे करूनही दाखवले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज या संस्थेने कर्ण्यावरून धडे ऐकवले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी कामगारवस्तीच्या भिंतींवर धडे रंगवले. ती कामे शाळेतल्या मुलांसाठी होती, पण मार्ग तोच: पोराला फोनकडे ओढू नका, शिकवणे पोराच्या दारी न्या. सरकारने हे सगळीकडे का केले नाही? कारण फोनवरच्या निरोपांची मोजदाद वर पाठवता येते, अंगणातल्या चिखलाच्या बैलांची येत नाही.

शेतकरी चळवळीचा यात काय संबंध?

बैठकांत आम्हाला विचारतात, आपण भाव मागणारे लोक, अंगणवाडीच्या भानगडीत कशाला पडता? सरकारपुढे हात पसरायचा नाही, असे आपणच सांगतो ना?

बरोबर, आणि आम्ही हात पसरत नाही. कापूस स्वस्तात वेचून होतो, कारण वेचणारी बाई आपले पोर बांधावर झोळीत टाकून येते किंवा दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर देऊन येते. त्या पोरीची शाळा बुडते, झोळीतल्या पोराची वाढ बुडते. ही बुडीत कापसाच्या उत्पादनखर्चात कुठल्या आयोगाने धरली आहे? शेतमालाचे भाव पाडून जे आपल्याकडून नेले जाते, त्यात या लेकरांचे बालपणही जाते. खर्चावर आधारित भाव मिळाला, तर गावे आपली बालवाडी स्वतः चालवतील आणि सेविकेला मान्य होईल असे वेतन देतील. तो मिळेपर्यंत अंगणवाडी ही भीक नाही, नेलेल्या मालाची थोडी परतफेड आहे.

दुसरे म्हणतात, अंगणवाडीत खिचडीशिवाय असते काय, दोन वर्षे बुडाली तर काय बिघडले? २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी वीस-एकवीस जणांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ मध्ये हाच आकडा सत्तावीसचा होता. आणि जी पोरे २०२० मध्ये तीन-चार वर्षांची होती, ती अंगणवाडीची जवळपास दोन वर्षे बुडवून पहिलीच्या बाकावर बसली. त्यांच्या नांग्या वेळेवर भरल्या नाहीत, तर ती शाळेच्या पटावर उभी दिसतील, पण बोंड धरणार नाहीत.

ठरावासाठी

म्हणून या जिल्हा बैठकीत पुढचे मुद्दे ठरावात घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.

एक. प्रत्येक गावात २०१५ ते २०१७ या सालांत जन्मलेल्या मुलामुलींची यादी करावी. खताच्या पोत्यावरचा आणि बियाणाच्या पिशवीवरचा मजकूर त्यांना अडखळल्याशिवाय वाचता येतो का, हे गावाने स्वतः पाहावे. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी शिकलेल्या पोरापोरींनी संध्याकाळी देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर तासभर बसावे. याला कुणाची मंजुरी लागत नाही.

दोन. शिक्षणाचा हक्क सहाऐवजी तीन वर्षांपासून कायद्याने मिळावा.

तीन. खुरपणी आणि वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी दिवसभर उघडी असावी. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’त अंगणवाडीला जोडून पाळणाघराची ‘पाळणा’ योजना २०२२ पासून आहे. ती कापूस-ज्वारीच्या गावांत आधी यावी.

चार. सेविकेला चालणारे साधन आणि मराठीत चालणारी नोंदपद्धत द्यावी. शिकवण्याच्या वेळेत तिच्यावर दुसऱ्या खात्याचे काम टाकू नये. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे. तो तिच्या पदरात पडावा.

पाच. उद्या पुन्हा साथ आली, पूर आला, तर बंद करताना सर्वात लहानांचा विचार आधी व्हावा आणि उघडतानाही त्यांचाच. प्रत्येक गावाने अंगणातल्या गटशिकवणीचा आराखडा आत्ताच करून ठेवावा. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते.

पहिला मुद्दा सरकारवर अवलंबून नाही. बैठकीहून परत गेल्यावर त्याच आठवड्यात यादी करायला बसा, आणि पुढच्या बैठकीला येताना ती यादी बरोबर आणा.