गाडीतले गोड पाणी

बर्फ आपल्याला माहीत तो फ्रीजमधला, नाहीतर मासळीच्या टोपलीतला. मग कर्जत-खालापूरच्या गाडीला अँटिफ्रीझ कशाला, असे म्हणून आमचे दुल्हेभाई वर्षभर रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालत राहिले. उत्तर त्यांना खोपोलीहून बोरघाट चढताना मिळाले. खंडाळ्याच्या अलीकडेच काटा लाल रेषेवर, बॉनेटमधून वाफा, आणि मागे अम्मी आणि दोन मुले.

अँटिफ्रीझ आणि कूलंट एकच. त्यात मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल असते, सोबत गंज रोखणारी रसायने. पाण्याच्या कणांना बर्फाची जाळी विणायची असते, ग्लायकॉलचे कण मधे येतात. म्हणून निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. हे लडाखवाल्यांच्या कामाचे. आपल्या कामाचे दुसरे टोक: तेच मिश्रण १०० ऐवजी १०६ अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरचे झाकण कुकरसारखा दाब धरत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही बरेच वर. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, वेग कमी, समोरचा वारा कमी. तिथे हे अंश फार मोलाचे. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र गिझरच्या कॉइलवर बसतात तसे आत बसतात. नुसते कूलंटच ओतावे म्हणाल, तर तेही चूक. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस.

वाफा दिसताच दुल्हेभाई झाकण फिरवायला धावले होते. अम्मींनी हात धरला म्हणून चेहरा वाचला. गरम झाकण उघडले की दाब सुटतो आणि आतले पाणी उसळून अंगावर येते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी जुने पाणी काढले. इंजिन पूर्ण गार, खाली घमेले, आधी वरचे झाकण उघडून मग तळाचा नट सैल. तपकिरी, गंजाळलेले पाणी आले. डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवले, गार होऊ दिले, पुन्हा काढले; मग कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले कूलंट भरले.

खरा घोळ पुढे झाला. उरलेले लाल कूलंट दुल्हेभाईंनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. रमजानचे दिवस. भाच्याने बाटली इफ्तारच्या दस्तरखानवर आणून ठेवली! झाकण उघडण्याआधी आपाची नजर गेली.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. पोटात गेले की पोर आधी झिंगल्यासारखे वागते, उलट्या करते; दरम्यान यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. लहान मुलाला काही घोटही पुरतात. याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. कुणी असे काही प्यायले तर लक्षणांची वाट पाहू नका, घरी उलटी काढू नका. कॅन सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठा.

काढलेले पाणी गटारात ओतायचे नाही. शेळ्या-कुत्री गोडाला भुलून चाटतात, आणि आपली गटारे शेवटी उल्हास नाहीतर पाताळगंगेलाच मिळतात. आमचे घमेलेभर पाणी कॅनमध्ये घट्ट बंद करून, वर मार्करने मराठीत आणि उर्दूत ‘विष - ज़हर’ असे लिहून गॅरेजवाल्याकडे दिले. अक्षर भाच्याचे आहे. उर्दूत ‘ज़हर’ त्याने आधी ‘ज़ुहर’ लिहिले होते, आम्ही दुरुस्त केले.