मैदाने राखा, पदके येतील

रग्बी सेव्हन्समध्ये सात खेळाडू, कबड्डीतही सातच. पकड, चपळाई आणि दम ही दोहोंची समान शिदोरी. २०२२ साली जकार्ता येथील आशियाई ट्रॉफी स्पर्धेत भारतीय महिला संघाने उपविजेतेपद मिळविले; ऑलिंपिक मात्र आजवर गाठता आलेले नाही. दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या फिजीने रिओ (२०१६) व टोकियो (२०२१) येथे पुरुषांचे सुवर्ण जिंकले, कारण तेथे हा खेळ गावोगावी रुजला आहे. मुळशी तालुक्याला कुस्तीची थोर परंपरा आहे. परंतु पुण्याचा विस्तार पौड रस्त्याने कासार आंबोलीपर्यंत पोहोचला असून मोकळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी गावचे क्रीडांगण राखणे हे ग्रामसभेचे राष्ट्रकार्यच होय. मैदाने विकून पदकांची अपेक्षा धरणे ही निव्वळ आत्मवंचना ठरेल.