गेमची डिस्क आपलीच होती, ती खराब झाली. मग तोच गेम डाऊनलोड करणं पायरसी ठरतं का?

पैसे मोजून गेमची डिस्क विकत घेतली. काही वर्षांनी तिच्यावर ओरखडे पडले, ती भिजली किंवा घर बदलताना हरवली. तोच गेम इंटरनेटवर फुकट मिळतोय. तो उतरवून घेतला तर ती चोरी म्हणायची का?

सोशल मीडियावर याची दोन तयार उत्तरं फिरत असतात. पहिलं, 'एकदा पैसे दिलेत ना, मग बिनधास्त डाऊनलोड करा.' दुसरं, 'लिंक उघडली तरी तीन वर्षं जेल.' दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. भारतीय कायदा फक्त 'गेम विकत घेतला होता का?' एवढंच विचारत नाही. 'ही नवी प्रत नेमकी कोणत्या प्रतीवरून केली?' हा प्रश्नही तो विचारतो, आणि सगळी गोष्ट तिथेच फिरते.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न जास्त का बोचतो?

पुण्या-मुंबईत डिस्क खराब झाली तर दुसरी मागवता येते किंवा कंपनीच्या अधिकृत दुकानातून गेम रातोरात उतरवता येतो. जंगलपट्ट्यात हे सोपं नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि हे जवळपास दर पावसाळ्यात घडतं. जुलै २०२२ मध्ये इरई नदीचं पाणी चंद्रपूर शहरातल्या सखल वस्त्यांत शिरलं होतं. अशा पुरात कपाटातल्या डिस्क वाचत नाहीत. उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचं नाव दरवर्षी असतं.

त्यात नेटवर्कची अडचण. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठे असतात. १० एमबीपीएसचा वेग एकदाही न तुटता मिळाला, तरी १०० जीबी उतरवायला सलग २२ तास लागतात. एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंच्याच्या आतल्या गावांत असा वेग इतका वेळ टिकणं कठीणच. म्हणून मग ओळखीच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये किंवा मेमरी कार्डात 'भरून घेणं' हा सोपा मार्ग वाटतो. गाणी आणि सिनेमे अनेक गावांनी वर्षानुवर्षं असेच मिळवले आहेत.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात 'पायरसी' या शब्दाची व्याख्या नाही. कायदा बोलतो 'हक्कभंगा'बद्दल. गेम हा कायद्याच्या भाषेत मुख्यतः कॉम्प्युटर प्रोग्राम. कोणत्या गोष्टी हक्कभंग ठरत नाहीत याची यादी कलम ५२ मध्ये आहे. त्यातल्या दोन नोंदी इथे महत्त्वाच्या.

पहिली, ५२(१)(एए). प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, तो 'त्या प्रतीवरून' बॅकअप घेऊ शकतो. हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून.

दुसरी, ५२(१)(एडी). 'स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून' बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रत करता येते. ही तरतूद १९९९ च्या दुरुस्तीनं आली.

म्हणजे बॅकअप घेणं हा भारतातल्या ग्राहकाचा हक्कच आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण दोन्ही नोंदींत अट एकच आहे: प्रत आपल्याच प्रतीवरून झालेली हवी.

गाणी आणि पुस्तकांच्या बाबतीत कायदा थोडा सैल आहे. खासगी वापरासाठी 'उचित वापरा'ची मोकळीक कलम ५२(१)(ए) मध्ये मिळते. मात्र त्याच ओळीत कॉम्प्युटर प्रोग्राम वगळले आहेत. त्यामुळे 'स्वतःपुरतं वापरतोय' हे कारण गेमच्या बाबतीत एकट्यानं पुरत नाही.

मग डाऊनलोड केलेली प्रत का चालत नाही?

कारण वेबसाइटवरची फाइल आपल्या डिस्कवरून झालेली नसते. ती दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच डिस्कवरून, कंपनीला न विचारता तयार करून ठेवलेली असते. गेम तोच, चित्रं तीच, संगीत तेच. पण कायद्याच्या नजरेत ती वेगळी प्रत.

निस्तार हक्काचं उदाहरण जंगलपट्ट्यात पटकन समजेल. घरच्या वापरासाठी लाकूडफाटा, बांबू आणण्याचा हक्क गावाला असतो. पण तो ठरलेल्या जंगलातून, घरापुरता. आपल्या घरचा सरपणाचा ढीग पुरात वाहून गेला म्हणून दुसऱ्याच्या डेपोतून तेवढंच लाकूड उचलता येत नाही. हक्क खरा असतो, तरी तो कुठून बजावायचा हेही ठरलेलं असतं.

अगदी याच मुद्द्यावर अमेरिकेत २००० साली एक गाजलेला खटला झाला. 'एमपीथ्री डॉट कॉम' या कंपनीनं हजारो सीडी विकत घेऊन त्यांच्या प्रती आपल्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. ग्राहकानं स्वतःची सीडी कॉम्प्युटरमध्ये एकदा घालून दाखवली, की त्याला तीच गाणी इंटरनेटवर ऐकायला मिळायची. 'ज्याच्याकडे सीडी आहे त्यालाच आम्ही देतो' असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयानं तो फेटाळला. ग्राहकाकडे मूळ सीडी असली, तरी कंपनीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रती हक्कभंगच ठरल्या.

युरोपीय न्यायालयानं १२ ऑक्टोबर २०१६ रोजी लाटवियातून आलेल्या प्रकरणात जास्त समतोल भूमिका घेतली. मूळ डिस्क खराब झाली असली, तरी तिच्या जागी बॅकअपची प्रत दुसऱ्याला विकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण ज्याच्याकडे वापराचा कायदेशीर हक्क आहे, त्याला तो प्रोग्राम मालक कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घेता आला पाहिजे, हेही त्यानं नोंदवलं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कंपनीवर असं बंधन घालणारं कलम नाही. खरी पोकळी इथे आहे.

'लिंक पाहिली तरी जेल' हे खरं आहे का?

नाही. हा समज ज्या सूचनेमुळे पसरला, तिचा संबंध मुंबई उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणाशी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ब्लॉक केलेल्या वेबसाइट उघडल्यावर एक इशारा दिसू लागला. पाहणं, डाऊनलोड करणं, सगळ्याला तीन वर्षांची कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, असा त्याचा सूर होता. स्क्रीनशॉट देशभर फिरले. त्यानंतर 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे.

पण तो विषय सिनेमाचा होता. गेमसाठी कायद्यात वेगळं कलम आहे आणि सोशल मीडियावर त्याची चर्चा क्वचितच होते. कलम ६३बी नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटर प्रोग्राम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. म्हणजे घरी खेळणारा आणि धंदा करणारा यांत कायदा फरक करतो. मात्र घरी खेळणाऱ्याला पूर्ण मोकळं सोडत नाही.

प्रती करून विकणाऱ्या किंवा 'भरून देणाऱ्या' दुकानदाराचं गणित आणखी वेगळं. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात सांगितलं. महाराष्ट्रात तर 'एमपीडीए' या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट्स' हा वर्गही जोडला गेला.

टॉरेंटमध्ये वेगळा धोका काय?

टॉरेंटवर फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे आपल्या कॉम्प्युटरवरून इतरांकडे जात असतात. आपल्याला वाटतं आपण फक्त घेतोय. प्रत्यक्षात आपण वाटतही असतो. 'माझ्याकडे डिस्क होती' हा बचाव फार तर स्वतःच्या वापरापुरता मांडता येईल, अनोळखी लोकांना वाटलेल्या प्रतींना तो लागू होत नाही.

कंपन्यांचा मोठा रोखही वाटणाऱ्यांवरच राहिला आहे. जुन्या गेमच्या फाइल देणाऱ्या 'लव्हरॉम्स' वेबसाइटच्या चालकांविरुद्ध निन्टेन्डोनं अमेरिकेत दावा केला. २०१८ मध्ये तो १.२ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेच्या निकालावर मिटला. याशिवाय कुलूप तोडलेल्या फाइलमध्ये व्हायरस लपवणं ही जुनी युक्ती आहे. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, तिथे असा फुकटचा गेम फार महाग पडू शकतो.

जुन्या काडतुसांचं काय?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विदर्भातल्या गावागावांत पोचले. एकाच काडतुसात शेकडो, हजारो गेम असल्याचा दावा त्यावर छापलेला असायचा. आज तेच गेम मोबाईलवर खेळावेसे वाटतात आणि 'आमच्याकडे होतं की' असं म्हटलं जातं. पण त्यातली बहुतेक काडतुसं मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय बनलेली होती. दुकानात रोख पैसे दिले असले, तरी ती 'कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत' ठरत नाही. ग्राहकानं फसवणूक केली नव्हती हे खरं. पण बॅकअपचा हक्क उभा राहायला पाया हवा, आणि तोच इथे नाही.

डिस्कच नसेल तर?

नवा पेच इथे आहे. ऑनलाइन घेतलेला गेम बहुतेक वेळा विकला जातच नाही. मिळतो तो वापराचा परवाना. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम चालेनासा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या युरोपातल्या अर्जानं जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना 'हा फक्त परवाना आहे' हे स्पष्ट सांगावं लागतं. निन्टेन्डो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात तर गेमच नसतो. कार्ड घालूनही तो इंटरनेटवरून उतरवावाच लागतो. नेटवर्क नसलेल्या गावात अशा कार्डाची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय?

डिस्क चांगली आहे तोवरच तिचा बॅकअप घेऊन ठेवणं, हा कायद्यानं दिलेला सर्वांत भक्कम मार्ग. बॅकअप घराबाहेर, दुसऱ्या कोरड्या जागी ठेवला तर पुरातही वाचेल. डिस्कला कुलूप असेल तर कलम ६५ए पाहावं लागतं. पण ते कलम 'हक्कभंगाच्या हेतूनं' कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे, आणि स्वतःच्या डिस्कचा वैयक्तिक बॅकअप कायदा हक्कभंग मानत नाही. डिस्क पुढे विकली तर मात्र बॅकअपही पुसायला हवा, कारण तो हक्क प्रत बाळगणाऱ्याचा असतो.

ऑनलाइन गेम घेताना 'जीओजी'सारखी दुकानं पाहता येतील. तिथे कुलूप नसलेली इन्स्टॉलरची फाइल मिळते आणि ती जपून ठेवता येते. 'स्टीम'वर घेतलेला गेम नागपूर किंवा चंद्रपूरच्या चांगल्या इंटरनेटवर उतरवून, हार्ड डिस्कवर घालून गावी नेता येतो; खातं तेच असलं की झालं. डिस्क खराब झाल्यावर आधी कंपनीकडे बदली प्रत मागणंही योग्य. विकत घेतलेल्या गोष्टीत दोष असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. अहेरीच्या ग्राहकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

थोडक्यात, डिस्क हरवल्यानंतर अनोळखी वेबसाइटवरून तोच गेम उतरवणं हे आजच्या कायद्यानुसार हक्कभंगातच मोडतं, पैसे आधी दिलेले असले तरी. दिलेल्या पैशांचा नैतिक दावा त्यामुळे खोटा ठरत नाही. पण कायदा आज साथ देतो ती नुकसान होण्याआधी बॅकअप घेणाऱ्याला. नुकसान झाल्यावर कंपनीनं बदली प्रत दिलीच पाहिजे, असं बंधन जोवर येत नाही, तोवर पूर आणि नेटवर्क या दोन्हींचा फटका बसणाऱ्या जिल्ह्यांतला ग्राहक या पोकळीत सगळ्यात आधी सापडणार.