शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवणार कोण?

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी आरोग्यसेवेची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच मागणीपाशी येऊन थांबते : ग्रामीण रुग्णालयाला शल्यचिकित्सक द्या, भूलतज्ज्ञ द्या. मागणी रास्त आहे. अडलेल्या बाळंतिणीला किंवा आतडे फुटलेल्या शेतमजुराला सुमारे ४० किलोमीटरवरील यवतमाळला हलवावे लागणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी घडले त्याला सांगावे लागत नाही. तथापि ही मागणी अपुरी आहे. उद्या शल्यचिकित्सक रुजू झाला, तरी ज्या खोलीत त्याने काम करावयाचे ती खोली दिवसरात्र सज्ज ठेवणारा प्रशिक्षित मनुष्य तेथे नसेल, तर दाराचे कुलूप निघूनही शस्त्रक्रियागृह बंदच राहील. हा मनुष्य म्हणजे शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ. त्याच्या शिक्षणाकडे आजवर समाजाने आणि शासनाने सारख्याच उदासीनतेने पाहिले आहे.

या तंत्रज्ञाचे काम बाहेरून क्षुल्लक दिसते. हत्यारे धुणे, पुसणे, गाठोडी बांधणे, ती वाफेच्या यंत्रात लावणे, टेबल व दिवे जागेवर आणणे, भुलेचे यंत्र आणि प्राणवायूची नळकांडी तपासणे, ही कामे कोणीही करील असे वाटते. वस्तुतः यातील प्रत्येक कामामागे शास्त्र आहे. हत्यारे निर्जंतुक होण्यासाठी दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअस तापमान किमान १५ मिनिटे टिकावे लागते. गाठोडी आवळून बांधली, पेटी खच्चून भरली, तर वाफ आतपर्यंत पोचत नाही. बाहेरचा काटा मात्र सर्व काही ठीक असल्याचे दाखवीत राहतो. काटा पाहणारा मनुष्य वेगळा आणि आत काय घडत असेल हे जाणणारा मनुष्य वेगळा. पहिल्याला मदतनीस म्हणावे, दुसऱ्याला तंत्रज्ञ.

या भेदाची किंमत किती असते, याचे उदाहरण नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडने पाहिले. बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर दुर्बिणीने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्या आठवड्यातील शिबिरांनंतर जिल्ह्यात १३ स्त्रिया दगावल्या. मृत्यूंच्या कारणांवर वाद झाला. दूषित औषधांचा संशयही घेतला गेला. तो वाद बाजूला ठेवला तरी साधे अंकगणित शिल्लक राहतेच. आपल्याकडे जिला लोक बिनटाक्याची शस्त्रक्रिया म्हणतात, तिच्यातील दुर्बीण दोन रुग्णांच्या मध्ये जंतुनाशक द्रावणात २० मिनिटे बुडवून ठेवावी लागते. म्हणजे सहा तासांत एका दुर्बिणीने फार तर १८ शस्त्रक्रिया व्हाव्यात. शासनाच्या नियमांनी तर एका चमूला दिवसाला ३० ची मर्यादा घातली होती. अशा वेळी ‘दुर्बीण अजून तयार नाही, थांबावे लागेल’ असे म्हणण्याचे ज्ञान आणि अधिकार असलेला मनुष्य टेबलापाशी असणे, हेच रुग्णाचे खरे संरक्षण होय. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. शिबिरे आदेशाने बंद होतात. शिस्त मात्र आदेशाने येत नाही, ती शिकवावी लागते.

जागतिक अनुभवही हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी पुढे आणली. रुग्ण तोच ना, अवयव तोच ना, बोळे, सुया व हत्यारे मोजली का, असे तिचे साधे प्रश्न आहेत. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर झाला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. परंतु कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सर्वत्र लागू केल्यावर तसा लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. तेव्हा भिंतीवर यादी टांगल्याने रुग्ण आपोआप वाचत नाही. बोळे मोजणाऱ्याला ते का मोजावयाचे हे कळले पाहिजे, आणि एक कमी भरला तर शल्यचिकित्सकाला टाके घालण्यापासून थांबविण्याचे धैर्य त्याच्या अंगी असले पाहिजे.

आज लहान रुग्णालयांत ही कामे बहुधा परिचारिका आणि अनुभवाने तयार झालेले कर्मचारी सांभाळतात. त्यांच्या निष्ठेवरच ग्रामीण आरोग्यसेवा उभी आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ज्या परिचारिकेला प्रसूतिकक्ष, लसीकरण आणि वॉर्ड एकाच पाळीत पाहावयाचे आहेत, तिच्यावरच शस्त्रक्रियागृहाचाही भार टाकणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका रणभूमीवरील रुग्णालयांकडे गेल्या, तेव्हा अमेरिकेला या कामासाठी स्वतंत्र माणसे शिकवावी लागली. १९६९ मध्ये त्यांची संघटनाही उभी राहिली. आपल्याकडेही २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाचे एक पद अपेक्षिले आहे. गरज कागदावर मान्य झालेली आहे. उणीव आहे ती माणसे घडविण्याची.

येथे प्रश्न तरुणांचा होतो. बारावीला विज्ञान घेतलेली, परंतु वैद्यकीय प्रवेशापर्यंत न पोचलेली मुले-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरावैद्यक तंत्रज्ञानाच्या पदवीत शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ ही एक शाखा आहे. तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता असे तिचे स्वरूप आहे. दुसरीकडे सहा महिन्यांत ‘ओटी टेक्निशियन’ करून देण्याच्या जाहिराती खेडोपाडी पोचतात. पालकांनी अशा जाहिरातीपुढे एकच हिशोब मांडावा. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने, ज्यात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाचाही समावेश आहे, सहायक आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २००० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. रोज सहा तास शिकविले तरी त्याला ३३३ दिवस लागतात. मग रोज दोन तासांच्या वर्गात, सहा महिन्यांत, शस्त्रक्रियागृहाचे दर्शनही न घडविता कोणते शिक्षण होते? कापसाच्या पैशातून भरलेले शुल्क बुडते, हा त्यातला लहान तोटा. असा शिकाऊ एखाद्या टेबलापाशी उभा राहतो, तो मोठा.

अर्थात केवळ कायदा करून शासनाची जबाबदारी संपत नाही. या कायद्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला व राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. २०२५ मध्ये भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाचा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध झाला. आता तो तालुक्यापर्यंत पोचला पाहिजे. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे पाया शिकावा, आणि आंतरवासितेतील काही महिने घाटंजीसारख्या ग्रामीण रुग्णालयात काढावे, अशी योजना अशक्य नाही. विद्यार्थ्याला त्या काळात विद्यावेतन मिळावे, आणि शिक्षण पुरे होताच त्याने जावे असे भरलेले पद जिल्ह्यात असावे. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियाच कमी, मग तेथे शिकणार काय, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वीज गेली, वाफेचे यंत्र बिघडले, प्राणवायूचे नळकांडे शेवटचे उरले, अशा वेळी काय करावयाचे, हे महानगरातील वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात शिकता येत नाही.

आणखी एक लाभ आहे. बाहेरून आलेला शल्यचिकित्सक दोन-तीन वर्षांत बदली घेऊन जातो. तालुक्यातलाच तंत्रज्ञ घर, शेत आणि आईवडील सोडून सहसा जात नाही. त्याला रुग्णाची बोली कळते. टेबलावर थरथरणाऱ्या कोलाम बाईला धीर देणारा एक ओळखीचा आवाज लाभतो. डॉक्टर बदलत राहिले तरी शस्त्रक्रियागृहाची शिस्त ज्याच्या हाती टिकून राहते, असा तो मनुष्य आहे.

तेव्हा तालुक्याने शल्यचिकित्सक जरूर मागावा, परंतु त्याच निवेदनात तंत्रज्ञाचे पदही मागावे. शिक्षकांनी बारावीच्या वर्गात या व्यवसायाचे नाव ‘डॉक्टर होता आले नाही म्हणून’ अशा सुरात घेऊ नये. ज्याच्या एका दुर्लक्षाने निष्णात शल्यचिकित्सकाचे कौशल्य मातीमोल होऊ शकते, त्याचे काम दुय्यम कसे म्हणता येईल?